अंगठ्याखालची दोन हाडे

मनुष्याच्या शरीरात हाडे किती, असा प्रश्न वर्गात विचारला म्हणजे शेवटच्या बाकावरचा मुलगाही २०६ असे उत्तर ठोकून देतो, आणि त्याला पुरे गुण मिळतात. पुस्तकाप्रमाणे उत्तर बिनचूक आहे. तथापि ह्या हजेरीपटात चार हाडांची नावे घातलेलीच नसतात. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली दोन आणि डाव्या पायाच्या अंगठ्याखाली दोन, अशी ती बहुतेक प्रत्येक माणसाच्या देहात जन्मभर ओझे वाहत असतात. गुडघ्याची वाटी ही ह्यांच्याच जातकुळीतील थोरली बहीण. तिला २०६ मध्ये मानाची जागा आहे, ह्या चौघांना नाही. आपल्याकडे सुश्रुताने शल्यतंत्रानुसार ३०० हाडे मोजली, आणि वेदवादी मात्र ३६० मानतात असेही नमूद करून ठेवले. त्याच्या पायाच्या यादीत बोटे, तळवा, घोटा, टाच, पिंढरी, गुडघा आणि मांडी ह्यांची हाडे क्रमाने येतात. अंगठ्याखालच्या ह्या जोडीला तेथेही वेगळे नाव नाही.

ज्यास ती चाचपून पाहावयाची असतील त्याने पायाचा अंगठा वर उचलून धरावा आणि त्याच्या बुडाशी, तळव्याचा जो उंचवटा चालताना जमिनीवर टेकतो, तेथे दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने दाबावे. कातडी आणि चरबी ह्यांच्या खाली, आतल्या बाजूस, वाटाण्याएवढी कठीण गोटी बोटाला लागते. तिची जोडीदारीण थोडी बाहेरच्या बाजूस, दुसऱ्या बोटाच्या अंगाला असते. ही दोन्ही हाडे दुसऱ्या हाडांना थेट जोडलेली नसून, अंगठा खाली दाबणाऱ्या आखूड स्नायूच्या दोन शेवटांत, दोरीत मणी ओवावा त्याप्रमाणे बसविलेली असतात. वरच्या अंगाने ती तळपायाच्या लांब हाडाच्या डोक्याखाली दोन खोबणींतून मागेपुढे सरकतात, आणि दोहोंच्या मधल्या बोळातून अंगठा वाकविणारी लांब दोरी सुरक्षितपणे पुढे जाते.

ह्या रचनेचा उपयोग दाराच्या उदाहरणावरून ध्यानात येईल. दार बिजागरीजवळ ढकलले तर जोर फार लागतो. कडीजवळ ढकलले तर बोटाने उघडते. ही हाडे स्नायूची दोरी सांध्याच्या मध्यबिंदूपासून दूर धरून ठेवतात, म्हणून पाऊल उचलताना अंगठ्याला थोड्या बळात जमिनीला रेटा देता येतो. शिवाय प्रत्येक पावलागणिक देहाच्या भाराचा मोठा वाटा त्यांच्यावर पडतो. आतल्या बाजूचे हाड लांब हाडाच्या डोक्याच्या अधिक नेमके खाली येत असल्याने त्याच्या वाट्याला जास्त भार येतो, आणि दुखण्याच्या तक्रारीही त्याच्याच अधिक असतात.

एवढ्याशा हाडांना जे नाव मिळाले ते तिळावरून. ग्रीक भाषेत तिळाला सेसमॉन म्हणत. त्यावरून तिळासारखी ती सेसमॉइड हाडे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील रोमचा प्रख्यात वैद्य गेलेन ह्याच्या लेखनात हे नाव येते. हात आणि पाय ह्यांच्या सांध्यांजवळ सापडणाऱ्या अशा बारीक हाडांना ते साजते. पायाच्या अंगठ्याखालची जोडी मात्र तिळापेक्षा वाटाण्याच्या वा हरभऱ्याच्या मापाची. तरीही जुने नाव चिकटले ते चिकटलेच. आपणही त्यांना तिळहाडे म्हटल्यास बिघडत नाही.

ह्यानंतर ह्या हाडाच्या नशिबी जो योग आला तो विलक्षण म्हटला पाहिजे. ज्यू लोकांच्या जुन्या ग्रंथांत एक आख्यायिका आहे. रोमचा बादशहा हेड्रियन ह्याने रब्बी जोशुआ बेन हनन्या ह्यास विचारले, की मृत माणूस पुन्हा उठावयाचा तर परमेश्वर त्याला कशापासून घडवणार? रब्बीने सांगितले, पाठीच्या कण्यातील लूझ नावाच्या हाडापासून. बादशहाने पुरावा मागितला. तेव्हा ते हाड पाण्यात टाकले, ते विरघळले नाही. विस्तवात घातले, ते जळले नाही. जात्यात भरडले, ते दळले गेले नाही. शेवटी ऐरणीवर ठेवून घणाचा घाव घातला, तर ऐरण दुभंगली आणि हाडाला चराही पडला नाही.

मूळ कथेत हे हाड कण्यातले आहे. पुढे कथा देशोदेशी फिरली आणि फिरता फिरता हाडाने आपली जागा बदलली. इ. स. १५४३ मध्ये बाझल शहरी अँड्रियास व्हेसेलियस ह्याचा शरीररचनेवरील महाग्रंथ छापून निघाला. त्या वेळी पादुआच्या विद्यापीठातील हा अध्यापक अवघा अठ्ठावीस वर्षांचा होता. प्रेते स्वतः फाडून, जे डोळ्यांनी दिसले तेवढेच लिहावयाचे, असा त्याचा बाणा. ह्याच बाण्याने त्याने गेलेनच्या कित्येक चुका चव्हाट्यावर आणल्या. तिळहाडांच्या प्रकरणात तो सांगतो, की गूढविद्येचे उपासक पायाच्या अंगठ्याच्या हाडकाला 'अल्बदरन' म्हणतात; ते कधी कुजत नाही, आणि जमिनीत राहून बीजाप्रमाणे त्यातून अखेरच्या दिवशी मनुष्य पुन्हा उगवेल, असा त्यांचा समज आहे. पुनरुत्थानाचा विषय धर्मशास्त्र्यांकडे सोपवून व्हेसेलियस हाडाच्या वर्णनाकडे वळला. त्या काळी चर्चशी वाकडे घेणे परवडणारे नव्हते, आणि ह्या तरुण माणसाला कोठे थांबावे हे कळत होते.

त्यानंतर साडेतीनशे वर्षे ह्या हाडांबद्दल सांगण्याजोगे थोडेच घडले. ती घर्षणाने तयार होतात, हाताला जसा घट्टा पडतो तशी दोरी घासून घासून हाड बनते, असा एक समज होता. स्ट्रासबुर्गचे शरीररचनाशास्त्रज्ञ विल्हेल्म फिट्झनर ह्यांनी १८९२ मध्ये मानवी शरीरातील तिळहाडांचा सांगोपांग अभ्यास प्रसिद्ध केला आणि ती सांगाड्याची खरीखुरी अंगे असल्याचे प्रतिपादिले. अंगठ्याखालच्या जोडीपुरते पाहता, जे मूल अद्याप जमिनीवर पाऊलही टेकलेले नाही त्याच्या गर्भावस्थेतच ती कूर्चेच्या रूपाने हजर असतात. त्या कूर्चेचे हाड होण्यास मात्र मूल शाळेत जाण्याच्या वयाचे व्हावे लागते.

फिट्झनर ह्यांच्या ग्रंथाला तीन वर्षे होतात न होतात तोच, १८९५ च्या नोव्हेंबरात, व्युर्ट्सबुर्ग येथे रोंटगेन ह्यांना क्ष-किरणांचा शोध लागला. जिवंत माणसाची हाडे कातडी न कापता दिसू लागली आणि वैद्यकाचा एक मोठा पडदा उचलला गेला. पहिल्या लाभार्थ्यांत शिपाई होते. प्रशियाच्या सैन्यातील वैद्य ब्राइटहाउप्ट ह्याने १८५५ मध्ये लांब कूच करणाऱ्या शिपायांच्या पायांना येणाऱ्या दुखऱ्या सुजेचे वर्णन केले होते, परंतु तिचे कारण कोणालाही उमगले नव्हते. १८९७ मध्ये श्टेखो ह्याने क्ष-किरणांनी दाखविले, की तळपायाची लांब हाडे चालण्याच्या ताणानेच तडकलेली आहेत. बिचारे शिपाई कामचुकारपणा करीत नव्हते; त्यांचे पाय खरोखर मोडले होते.

आता अंगठ्याखाली दुखते असे म्हणणाऱ्याच्याही पायाचे छायाचित्र निघू लागले, आणि त्यात तिळहाडाचे दोन तुकडे दिसले की वैद्य म्हणत, हाड मोडले. येथे एक फसगत होती. कित्येक माणसांचे तिळहाड जन्मतःच दोन भागांत वाढते. त्याला इजा झालेली नसते, दुखतही नाही. अमेरिकेतील इंग आणि फर्ग्युसन ह्या दोघा वैद्यांनी १९३३ मध्ये आपला विस्तृत निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा तपासलेल्या १,०२५ पायांपैकी शेकडा सुमारे ११ पायांत असे दुभागलेले हाड आढळले. मोडलेल्या हाडाच्या कडा खडबडीत असतात, आणि फुटलेल्या बशीच्या तुकड्यांप्रमाणे ते एकमेकांत बसतात. जन्मजात दुभागलेल्या हाडाच्या कडा गुळगुळीत, आणि दोन्ही तुकडे मिळून आकार नेहमीच्या हाडाहून मोठा. दुसऱ्या पायाशी ताडून पाहावे, असाही उपाय सुचतो; परंतु एका पायात दुभागलेले हाड असले म्हणजे दुसऱ्यात असतेच असे नाही, त्यामुळे ह्या साक्षीदारावर फार विसंबता येत नाही.

तिसराही एक प्रकार निघाला. १९२४ मध्ये स्वीडनमधील रेनांडर ह्यांनी आतल्या तिळहाडाच्या अशा विकाराची दोन उदाहरणे नोंदविली, की ज्यात हाड मोडल्याचा मोठा प्रसंग घडलेला नसताही त्याची घडण बिघडून त्याचे तुकडे होतात. अशा विकारात पुष्कळदा हाडाला मिळणारे रक्त तुटते आणि ते आतल्या आत मरते. जे हाड अग्नीत जळत नाही, घणाने फुटत नाही अशी ख्याती, ते प्रत्यक्षात रक्ताचा एक बारीक ओघ आटला की जुन्या भिंतीच्या चुन्यासारखे ठिसूळ होते.

दुखणारे आणि कोणत्याही यादीत नसलेले हाड काढून टाकावे, हा विचार मनात येणे स्वाभाविक होते. १८४६ मध्ये बोस्टन येथे ईथरच्या गुंगीचे प्रात्यक्षिक झाले आणि १८६७ मध्ये लिस्टरने जंतुनाशक पद्धती जाहीर केली. त्यापूर्वी एवढ्याशा हाडासाठी पाय कापून घेणे म्हणजे जिवाशी खेळ होता. आता तो राहिला नाही. पायाच्या अंगठ्याचा सांधा वाकडा होऊन त्याच्या बुडाशी गाठ येते, त्यावर शस्त्रवैद्य आधीपासून हाडे कापतच होते: ह्यूटर १८७१ मध्ये लांब हाडाचे डोके काढी, केलर १९०४ मध्ये अंगठ्याच्या पहिल्या पेऱ्याचे बूड. १९२८ मध्ये ओक्लाहोमाचे अर्ल मॅकब्राइड ह्यांनी ह्या वाकडेपणावर सांधा न तोडण्याची शस्त्रक्रिया मांडली आणि तिला सौम्य म्हटले. ह्या सौम्य शस्त्रक्रियेत बाहेरच्या बाजूचे तिळहाड मात्र काढून टाकावयाचे होते. अंगठा दुसऱ्या बोटाकडे ओढला जातो, तेव्हा त्या अंगाची ओढ कमी करावी, असा त्यातला हेतू. हेतू वाजवी होता. परंतु काही रुग्णांचा अंगठा मग दुसऱ्या टोकाला गेला. तो बाकीच्या बोटांपासून दूर, आतल्या अंगाला कलू लागला. ज्याला जोडा घालता यावा म्हणून पाय कापून घेतला, त्याला आता तो वेगळ्याच कारणाने घालता येईना. कालांतराने पुढच्या शस्त्रवैद्यांनी मॅकब्राइड ह्यांची पद्धत ठेवली आणि तिच्यातून तिळहाड काढण्याची पायरी गाळली.

इंग आणि फर्ग्युसन ह्यांच्या १९३३ च्या निबंधात एक्केचाळीस रुग्णांची हकीकत आहे, आणि तो निबंध आजही आधार म्हणून सांगितला जातो. त्याचे मोल यशाच्या बढाईत नाही. हाड काढल्यावर सर्वांचेच दुखणे समूळ गेले नाही, हे त्यात लपविलेले नाही. हाड गेले आणि दुखणे राहिले, असे ज्याच्या नशिबी येते त्याच्या बाबतीत शस्त्रवैद्याला पुढे काढण्याजोगे काही उरलेले नसते.

त्याच सुमारास थोरल्या बहिणीवरही संकट आले. १९३७ मध्ये इंग्लंडातील शस्त्रवैद्य राल्फ ब्रुक ह्यांनी असे मत मांडले, की गुडघ्याची वाटी ही निरुपयोगी झालेली वस्तू आहे. ती फुटली तर सांधत न बसता काढून टाकावी, गुडघा उलट बळकटच होतो. मत धीट होते आणि वजनदार माणसांनी ते उचलून धरले. पुष्कळ वाट्या काढल्या गेल्या. १९४५ मध्ये हॅक्स्टन ह्यांनी प्रयोगाने दाखविले, की वाटी स्नायूची दोरी सांध्यापासून दूर धरते आणि पाय सरळ करण्याचे बळ तिच्यामुळे वाढते. ती गेली की हे बळ घटते. दारातल्या कडीचा जो न्याय वर सांगितला तोच हा. गुडघ्यात जे खरे, ते अंगठ्यातही खरे असले पाहिजे, एवढे ह्यावरून उघड झाले. निसर्गाची एखादी वस्तू आपल्याला निरुपयोगी दिसते, तेव्हा तिचा उपयोग आपण अद्याप मोजलेला नसतो, असे पुष्कळदा निघते.

अंगठ्याच्या बाबतीत हे मोजमाप रुग्णांनी आपल्या पायांनी करून दिले. आतल्या बाजूचे हाड काढले आणि स्नायूचा शेवट नीट शिवला नाही, तर अंगठा दुसऱ्या बोटाकडे झुकतो. बाहेरचे काढले तर तो उलट दिशेला जातो. दोन्ही एकदम काढली तर आखूड स्नायूची पकडच सुटते, आणि नांगी उगारलेल्या विंचवाप्रमाणे अंगठा बुडाशी वर उचलला जाऊन पेऱ्यात वाकतो. मग त्याची पाठ जोड्याला घासून तेथे घट्टा पडतो. ह्यास्तव एकाच पायातील दोन्ही हाडे काढू नयेत, असा दंडक पडला. हा दंडक ज्या पायांवरून शिकावा लागला, त्यांच्या धन्यांची नावे कोठल्याही ग्रंथात नाहीत.

ह्या कथेचा एक धागा हिंदुस्थानातून जातो, आणि तो फार निराळ्या रुग्णांचा आहे. पॉल ब्रँड हे शस्त्रवैद्य १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोग्यांची बोटे रोगाने सडून गळतात, ही तोवरची सार्वत्रिक समजूत. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले, की रोगाने नसा मरतात आणि वेदना कळेनाशी होते; मग रुग्ण ठणकणाऱ्या पायाला जशी विश्रांती द्यावी तशी देत नाही, जखमेवरूनच चालत राहतो, आणि हात-पाय झिजतात ते ह्या इजांनी. पायाच्या जखमांची एक ठरलेली जागा म्हणजे अंगठ्याचे बूड. निरोगी माणसाला जी तिळहाडे आधार देतात, तीच बधिर पायात आतून खड्यासारखी कातडीला टोचतात. पाय प्लास्टरमध्ये बसवून भार सगळीकडे सारखा वाटला की अशा जखमा भरून येतात, हे ह्या मंडळींनी वारंवार दाखविले. १९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेत लुइझियानातील कारव्हिल येथे गेले, आणि तेथे हेच ज्ञान मधुमेहाने बधिर झालेल्या पायांच्या उपयोगी आले. पुन्हा पुन्हा फुटणाऱ्या जखमेखालचे तिळहाड अशा रुग्णांत काढावे लागते, तेव्हा हिशेब साफ बदललेला असतो. धावपटू किंवा नर्तकी ह्यांच्या बाबतीत प्रश्न अंगठ्याच्या बळाचा असतो; येथे अख्खा पाय राहतो की जातो, असा असतो.

१९८१ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात बॅसिल हेलाल ह्यांनी ह्या हाडांवर निबंध लिहिला, तेव्हा त्याच्या शीर्षकातच जुन्या लूझचा उल्लेख केला. आधुनिक शस्त्रवैद्याला आपल्या चाकूखालच्या हाडाचा हा पूर्वेतिहास आठवावा, ह्यात एक प्रकारचा सभ्यपणा आहे. १९९७ मध्ये अँडरसन आणि मॅकब्राइड ह्या दोघांनी, हे मॅकब्राइड १९२८ च्या मॅकब्राइडांहून वेगळे, न जुळलेले तिळहाड काढून न टाकता त्याच्या फटीत रुग्णाच्याच शरीरातील हाडाचा चुरा भरून ते जुळविण्याची रीत प्रसिद्ध केली. एके काळी बेधडक फेकले जाणारे हाड सांधण्यासाठी आता दुसरीकडचे हाड खर्ची घालण्यात येऊ लागले.

आजही बहुतेक रुग्णांचे काम चाकूविना भागते. दुखऱ्या जागेभोवती भोक पाडलेली गादी बुटात घालतात, म्हणजे भार आजूबाजूस पडतो. तळ ताठ असलेला बूट देतात, उंच टाचा वर्ज्य करतात, धावणे वा नाचणे बंद ठेवतात, आणि हे सर्व आठवड्यांच्या नव्हे तर महिन्यांच्या हिशेबाने चालते. तेवढे करूनही पाऊल टेकवेना, तरच हाड काढण्याचा विचार. आतले हाड पायाच्या कडेने छेद घेऊन गाठतात. बाहेरच्यासाठी अंगठा आणि दुसरे बोट ह्यांच्या मधून, वरून अथवा तळव्याकडून, जावे लागते. तळव्याचा छेद भार न पडणाऱ्या जागी घेणे अगत्याचे असते, कारण व्रणावर उभे राहण्याची पाळी आली तर एक दुखणे घालवून दुसरे घेतल्यासारखे होते. अंगठ्याला संवेदना देणारी बारीक नस हाडाला अगदी लागून जाते. तिला धक्का पोहोचला तर अंगठ्याची कड बधिर होते, किंवा त्याहून वाईट म्हणजे तेथे कायमची कळ बसते. हाड त्याच्या म्यानासारख्या वेष्टनातून सोलून अलगद बाहेर काढतात, मधली लांब दोरी शाबूत आहे ना ते पाहतात, आणि जेथून हाड निघाले तेथे स्नायूच्या शेवटात पडलेले खिंडार टाके घालून बुजवितात. काढलेले हाड तबकात ठेवले असता ते एका वाटाण्याहून फारसे मोठे दिसत नाही. रेनांडर ह्यांनी वर्णिलेल्या विकाराचे असेल, तर चिमट्यात धरताच त्याचा चुरा होतो.